थॅडियस स्टीव्हन्स : समतेचा कठोर वकील

लिंकनचें नांव जगांत घरोघर पोहोंचलें; त्याच्याच काळांतील थॅडियस स्टीव्हन्स मात्र विस्मृतींत राहिला. १७९२ सालीं व्हर्माँट संस्थानांत, गरीब घरांत त्याचा जन्म झाला. पाय जन्मतःच अधू आणि बाप परागंदा. आईनें कष्ट उपसून मुलाला शिकविलें. १८१६ मध्यें गेटिसबर्ग येथें त्यानें वकिली मांडली.

१८२१ सालीं एका मालकाचें वकीलपत्र घेऊन त्यानें खटला जिंकला, आणि चॅरिटी बटलर ही स्त्री पुन्हा दास्यांत पडली. पुढें तोच वकील पळून आलेल्या गुलामांची बाजू न्यायालयांत मांडूं लागला. १८३५ मध्यें पेनसिल्व्हेनियांतील मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याची वेळ आली, तेव्हां विधिमंडळांतील त्याच्या भाषणानें तो तगला.

यादवी युद्धांत प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचें अध्यक्षपद त्याच्याकडे होतें. १८६५ ची तेरावी आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती यांसाठीं तो झटला. मुक्त झालेल्यांना जमीन द्यावी ही त्याची मागणी मात्र फेटाळली गेली, आणि अध्यक्ष जॉन्सनवरील महाभियोगहि एका मताच्या उणिवेनें फसला.

११ ऑगस्ट १८६८ रोजीं तो वारला. लँकॅस्टरमधील ज्या दफनभूमींत वर्णभेद नव्हता, तीच त्यानें स्वतःसाठीं निवडली होती. तें कारणहि थडग्यावर कोरविलें. कायदा माणसाला बांधतो आणि सोडवितोहि. स्टीव्हन्सच्या हातून दोन्ही घडलें, पण उरलें तें दुसरें.