बेरजेचे गुणधर्म आणि नागपूरचे बीजगणित अध्ययन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

नागपूरच्या कळमना बाजारात धान्याची पोती कोणत्याही टोकाकडून मोजली तरी एकूण संख्या तीच येते. शालेय बीजगणितात या गुणधर्मास ‘क्रमनिरपेक्षता’ म्हणतात. त्यासोबत साहचर्य, अविकारक शून्य व विरुद्ध संख्या हे गुणधर्मही एकाच तक्त्यात दिले जातात. त्यामुळे ते एकाच काळी, एकाच हेतूने मांडले गेले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (इ.स. 1150 च्या सुमारास) आरंभीच धन, ऋण व शून्य यांच्या क्रिया येतात. धन व ऋण राशींचे अंतर हीच त्यांची बेरीज. शून्य मिळविल्याने राशी बदलत नाही. ब्रह्मगुप्तांनी इ.स. 628 मध्येच असे नियम दिले होते. म्हणजे तक्त्यातील शेवटचे दोन गुणधर्म सर्वांत जुने ठरतात. क्रमाचा उल्लेख ‘लीलावती’त आहे, स्थानानुसार अंकांची बेरीज सुलट अथवा उलट क्रमाने करावी, असे तेथे सांगितले आहे. परंतु ती हिशेबाची सोय होय, गुणधर्म म्हणून केलेले विधान नव्हे.

हे दोन्ही ग्रंथ एकोणिसाव्या शतकात नागपुरात शिकविले जात होते. पुण्यात 1821 मध्ये जन्मलेल्या बापूदेव शास्त्रींनी ते नागपूर येथे ढुंढिराज मिश्र यांच्याकडे अभ्यासिले. पुढे 1838 मध्ये विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना सिहोरला नेले व 1842 मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. भोसल्यांच्या दरबारी 1799 ते 1801 या काळात वकील म्हणून राहिलेल्या कोलब्रुक यांनी या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर 1817 मध्ये प्रसिद्ध केले, हाही एक योगायोगच.

याच सुमारास, 1814 मध्ये, सर्व्हा या फ्रेंच गणितज्ञाने क्रमनिरपेक्षतेला नाव दिले. साहचर्याचे नाव हॅमिल्टन यांचे. त्यांना 1843 मध्ये सापडलेल्या चतुर्दल संख्यांच्या गुणाकारात क्रम बदलताच उत्तर बदलत होते. जो नियम कोठेच मोडत नाही, त्याला नाव देण्याची निकड भासत नाही.

वर्गात मात्र नावे आधी येतात. 5−3 आणि 3−5 यांची उत्तरे भिन्न का, आणि तीच वजाबाकी 5+(−3) अशी बेरीज म्हणून लिहिली की क्रम बदलूनही उत्तर 2 च का राहते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ऋण राशीचे प्रयोजन येथेच स्पष्ट होते. कळमन्यातील अडत्याच्या खातेवहीत जमा आधी लिहिली काय किंवा नावे आधी, शिल्लक तीच निघते.