अभावाचे मापन : दीर्घिकागुच्छांतील रेडिओ प्रारण आणि खोडदची दुर्बीण

ज्ञानाच्या इतिहासात 'सापडले' या नोंदीस जे महत्त्व मिळते, ते 'सापडले नाही' या नोंदीस क्वचितच लाभते. दीर्घिकागुच्छांत पसरलेल्या रेडिओ प्रारणाच्या संशोधनाचा इतिहास याला अपवाद आहे. आणि त्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग पुणे जिल्ह्यात, नारायणगावाजवळच्या खोडद येथे घडला. सेवाग्रामप्रमाणेच या खेड्याचे नावही आता वेशीपलीकडे फार दूर पोहोचले आहे. प्रस्तुत टिपणात त्या भागाचा परामर्श घ्यावयाचा आहे.

शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या म्हणजे दीर्घिकागुच्छ होतो. १९५९ साली लार्ज, मॅथ्यूसन व हॅस्लम यांनी इंग्लंडमधील जॉड्रेल बँकच्या २५० फूट व्यासाच्या दुर्बिणीने, अरुंधतीकेश तारकासमूहातील कोमा गुच्छाचे निरीक्षण केले. तेथे एक विस्तीर्ण रेडिओ स्रोत आढळला. परंतु तो खरोखर सलग आहे, की अनेक सुट्या स्रोतांचे प्रारण मिसळून तसा भासतो, हा प्रश्न उरलाच. १९७० साली विल्सन यांनी केंब्रिजच्या 'एक मैल' दुर्बिणीने सुट्या स्रोतांचा हिशेब वेगळा मांडला. तो वजा केल्यावरही प्रारण शिल्लक राहिले. ते कोण्या एका दीर्घिकेचे नव्हे, तर गुच्छाचेच होते.

हे प्रारण चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून निघते. असे इलेक्ट्रॉन सुमारे दहा कोटी वर्षांत आपली ऊर्जा गमावतात. एवढ्या अवधीत लक्षावधी प्रकाशवर्षांच्या प्रदेशात पसरणे त्यांना शक्य नाही. सबब, त्यांना जागच्या जागी पुन्हा ऊर्जा मिळत असली पाहिजे. ती कोठून, हा खरा प्रश्न होता.

गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद येथे उभारलेली जीएमआरटी ही दुर्बीण या प्रश्नास विशेष अनुकूल ठरली. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत. उरलेल्या १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत विखुरल्या आहेत. जवळच्या जोड्या पसरट प्रारण टिपतात, दूरच्या जोड्या सुटे स्रोत ओळखून वजा करण्यास साहाय्य करतात. शिवाय हे प्रारण मीटरभर लांबीच्या तरंगांवर अधिक प्रखर असते.

व्हेंटुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० गुच्छांच्या संचासाठी या दुर्बिणीवर ६१० मेगाहर्ट्झचे सर्वेक्षण केले. त्याचे निष्कर्ष २००७ व २००८ साली प्रसिद्ध झाले. बहुसंख्य गुच्छांत विस्तीर्ण प्रारण आढळले नाही. ते नसावे, की दुर्बिणीस दिसले नसावे? याच्या निर्णयासाठी संशोधकांनी निरीक्षणांच्या आकड्यांत ज्ञात तेजाचे कृत्रिम प्रभामंडळ मिसळले आणि किती क्षीण प्रभामंडळ ओळखता येते हे पाहिले. त्यामुळे प्रत्येक 'नाही' ला एक आकडा लाभला. मग २०१० साली कासानो व सहकाऱ्यांनी क्ष-किरण प्रतिमांशी तुलना केली, तेव्हा प्रभामंडळे प्रायः परस्परांवर आदळणाऱ्या गुच्छांत असतात, शांत गुच्छांत नसतात, असे दिसून आले. ऊर्जेचा उगम या टकरींत व त्यांतून उठणाऱ्या खळबळीत आहे, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

भाषेच्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटू नये. 'घर'चे अनेकवचन 'घरे' होते, 'दगड'चे मात्र 'दगड'च राहते. तेथे आपण शून्य प्रत्यय मानतो, कारण इतर नामांत त्याच जागी प्रत्यय उभा असतो. जेथे उपस्थितीची अपेक्षा निश्चित आहे, तेथेच अनुपस्थितीला अर्थ येतो.

मात्र हा अर्थ अटीवाचून नसतो. २००८ सालीच ब्रुनेटी व सहकाऱ्यांनी एबेल ५२१ या गुच्छात, खोडदच्याच दुर्बिणीने २४० मेगाहर्ट्झवर असे प्रभामंडळ दाखविले, की जे उच्च वारंवारतेवर फार क्षीण होत जाते. केवळ वरच्या वारंवारतेवर पाहणाऱ्याने तेथे 'नाही' अशी नोंद करणे अशक्य नव्हते. म्हणून अभावाची नोंद करताना ती कोणत्या वारंवारतेवरची, किती संवेदनक्षमतेची, हे सोबत लिहिलेच पाहिजे. त्या दोन आकड्यांवाचून 'नाही' हे मापन नव्हे, केवळ मत होय.