टोपीकरांची मराठी आणि उत्तर कोकणचा कान

पालघर तालुक्यातील नवापूर हे समुद्रकाठचे गाव. उत्तरेस तारापूर-चिंचणी, दक्षिणेस मुरबे-सातपाटी आणि पूर्वेस बोईसरचे रेल्वे स्थानक. हा सारा टापू पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मांगेले, वाडवळ, भंडारी, वारली अशा अनेक समाजांची येथे वस्ती असून त्यांच्या बोलींत परस्परांपासून पुष्कळ अंतर आहे. अशा किनाऱ्यास वेगळा उच्चार ही नवलाईची गोष्ट नव्हे. गुजरातीभाषक व्यापारी व पारशी येथे पूर्वापार आहेत. त्यांशिवाय पोर्तुगीज आले, मागाहून इंग्रज आले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राच्या निमित्ताने अमेरिकनही येऊन गेले. या परकीयांची वाणी येथील लोकांनी कशी ऐकली व तिची किंमत काय केली, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याचा धागा धरून गेले असता मराठीतील शुद्धाशुद्धाच्या कल्पनेपर्यंत पोहोचावे लागते.

परकीयांनी मराठी माणसांविषयी केलेल्या नोंदी विपुल आहेत. उलट दिशेच्या नोंदी त्यामानाने थोड्या. तथापि लोकांचे मत केवळ कागदपत्रांतच असते असे नाही. त्यांनी परकीयांना दिलेली नावे आणि परकीयांकडून उचललेले शब्द हीही साक्षच होय. युरोपियनांना मराठीत सरसकट 'टोपीकर' म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इतर सावकारांहून टोपीकरांचा वेगळा विचार केला आहे व त्यांच्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. हे नाव डोक्यावरील वस्तूवरून पडले, बोलण्यावरून नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परकीयांचे बोलणे बहुधा दुभाष्याच्या तोंडून कानी पडे. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर गेला तेव्हाही दुभाषी म्हणून नारायण शेणवी त्याच्याबरोबर होता. दुभाषी मध्ये असला म्हणजे उच्चाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

उच्चार ऐकू येऊ लागला तो व्यवहारात, आणि येथे शब्दांची साक्ष मोठी बोलकी आहे. पोर्तुगीज भाषेतील 'त' आणि 'द' हे मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. त्यामुळे त्या भाषेतून आलेले मेस्त्री, फीत, पिस्तूल, तुरुंग, पाद्री हे शब्द मराठीत दंत्य वर्ण घेऊनच स्थिर झाले. 'नाताळ' या शब्दात तर 'त' जसाच्या तसा राहून शेवटच्या 'ल'चा मात्र मराठी 'ळ' झाला. इंग्रजांचे 'त' आणि 'द' दातांवर नव्हे, तर हिरड्यांवर उमटतात. असा वर्ण मराठीत नाही. तो ऐकताच मराठी कानाने आपल्या दोन घरांपैकी टवर्गाचे घर त्याला दिले. म्हणूनच टेबल, डॉक्टर, बूट, डझन, स्टेशन या सर्वांत ट-ड आहेत. 'बटाटा' हा पोर्तुगीज असूनही टकार धारण करतो आणि 'अर्दली' हा इंग्रजी असूनही दकार ठेवतो, असे अपवाद आहेत. दुसरा हिंदुस्थानीच्या वाटेने आला हे त्याचे कारण असावे. तरी एकंदर कल स्पष्ट आहे. नाटकांतील साहेब 'तुम'च्या जागी 'टुम' म्हणतो तेव्हा नाटककार काही नवे रचीत नसतो. हा कान समाजाला आधीच तयार झालेला होता.

परकीयाच्या नावाचे काय होई याचा उत्तम नमुना पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात सापडतो. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या इंग्रज फौजेतील कॅप्टन स्ट्युअर्ट हा ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मारला गेला. त्याच महिन्यात वडगावचा तह झाला. हा स्ट्युअर्ट मराठीत 'इष्टुर फाकडा' म्हणून अजरामर झाला आहे. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी 'इ' बसली, 'स्ट'चा 'ष्ट' झाला आणि शौर्याबद्दल 'फाकडा' ही पदवी शत्रूकडूनच मिळाली. वडगावच्या त्याच्या समाधीला लोक मान देत आले आहेत. ज्याच्या भाषेतील एक अक्षरही सरळ उच्चारता येत नव्हते त्याला लोकांनी आपल्या तोंडात बसेल असे नाव देऊन ठेवून घेतले. या नावात उपहास नाही.

उत्तर कोकणात पोर्तुगीज सत्तेचा शेवट त्याआधी चाळीस वर्षे झाला होता. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूरचा कोट घेतला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. मे महिन्यात वसई पडली. १८१७-१८ च्या युद्धानंतर पेशव्यांचा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि साहेब हा दूरचा शत्रू न राहता कचेरीतला अंमलदार झाला. येथून उच्चाराचे प्रकरण निराळे वळण घेते. मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांना देशी भाषेच्या परीक्षा द्याव्या लागत. त्यासाठी पंडित व मुनशी नेमले जात. शिकविणारा पगारी आणि शिकणारा राज्यकर्ता, अशा शाळेत उच्चाराची चूक कितपत दाखविली जात असेल याचा अंदाज कोणासही करता येईल.

मराठी शिकलेल्या इंग्रजांत सत्तेशी संबंध नसलेलाही एक होऊन गेला. विल्टशरमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला, तेथे पोर्तुगिजांच्या छायेत चाळीस वर्षे राहिला आणि १६१६ मध्ये त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ वाचताना लेखक इंग्रज होता हे सहसा जाणवत नाही. लेखणीला स्वर नसतो.

जेम्स मोल्सवर्थची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून आलेल्या या गृहस्थाने पंडितांच्या व कँडी बंधूंच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व पुष्कळ वाढविलेली दुसरी १८५७ मध्ये निघाली. या व्यासंगामुळे लोक त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणू लागले. आडनावाचा शेवट गळाला आणि जागी 'शास्त्री' आले. इष्टुराला फाकडा म्हणणारी आणि मोल्सवर्थला शास्त्री म्हणणारी वृत्ती एकच आहे: परक्याचा गुण पटला की त्याला आपल्या पंक्तीत बसवून घ्यावे, मग त्याचा 'ण' कसा का उमटेना. कोश स्वतः बोलीशब्दांबाबत उदार आहे. कोकणात चालणाऱ्या शब्दांवर तशी खूण करून त्याने ते नोंदले, म्हणून खाडी, खाजण, होडी, जाळे यांविषयीचा शब्दसंग्रह आज अभ्यासकाला हाताशी आहे.

मेजर थॉमस कँडीचा अधिकार याहून व्यापक होता. पुण्याच्या कॉलेजाचा प्रमुख व सरकारचा मराठी भाषांतरकार या नात्याने शालेय पुस्तकांची भाषा त्याच्या नजरेखालून जाई. मराठीतील विरामचिन्हांचा परिपाठ रुजविण्याचे श्रेयही त्याला देतात. मराठी लेखकाची मराठी बरोबर की चूक हे इंग्रज ठरवितो, ही स्थिती कित्येकांना बोचत होती. १८७४ मध्ये निघालेल्या 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. परंतु त्यांचा रोख वाक्यरचनेवर व वृत्तीवर होता; साहेबाच्या जिभेची टवाळी करणे हे त्यांनी आपले कार्य मानले नाही. पाद्र्यांच्या बाबतीतही असेच दिसते. १८५७ च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी वाद घालीत. त्या वादांचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकन पाद्र्याने प्रसिद्ध केला. तेथे खंडनमंडन झाले ते मतांचे.

सारांश, साहेबाच्या मराठीवर घरात व रंगभूमीवर हसू होते, पण समोर तिची वाहवा होई. परका असून आपली भाषा बोलतो या कौतुकात दोष बुडून जात. हा उदारपणा खराच होता. मात्र तो सर्वांच्या वाट्याला आला नाही.

इंग्रजी भाषेत 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत. त्यामुळे इंग्रज 'पाणी'स 'पानी' व 'कोळी'स 'कोली' म्हणे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी-आगरी वळणाच्या बोलींतही 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. 'ड'च्या जागी 'र' येऊन 'घोडा' हा 'घोरा' होतो. तो त्या बोलींचा नियमबद्ध धर्म आहे, जिभेचा आळस नव्हे. म्हणजे कलेक्टर आणि नाखवा हे दोघेही 'पानी'च म्हणत. पहिल्याचे 'पानी' ऐकून शिरस्तेदार साहेबांच्या भाषाज्ञानाची तारीफ करी आणि दुसऱ्याच्या मुलाने शाळेत तेच म्हटले की पंतोजी त्याला अशुद्धाबद्दल दटावी. शाळाखात्याच्या पुस्तकांत पुण्याकडील शिष्टांची भाषा प्रमाण ठरली होती. ते प्रमाण ठरविण्यात शास्त्रीमंडळींइतकाच 'ण' न साधणाऱ्या साहेबांचाही हात होता, यातील विसंगती फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. एकच ध्वनी, त्याचे मोल मात्र बोलणाऱ्याच्या खुर्चीवरून ठरले.

या बोलींची पद्धतशीर नोंद होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ठाणे जिल्ह्यातील वारली, वाडवळ, सामवेदी इत्यादी बोलींचे नमुने व व्याकरण आले. त्यात 'ण'च्या जागी 'न' हे लक्षण म्हणून नोंदले आहे, दोष म्हणून नव्हे. ज्या मुलांना या लक्षणापायी छड्या खाव्या लागल्या त्यांच्यापर्यंत हा खंड अर्थातच पोहोचला नाही.

तारापूरचे प्रकरण याच प्रकाशात पाहण्यासारखे आहे. भारत-अमेरिका कराराच्या आधारे १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार होऊन तारापूरच्या अणुविद्युत् केंद्राचे काम सुरू झाले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र नियमितपणे वीज देऊ लागले. या काळात अमेरिकन अभियंते व तंत्रज्ञ येथे वावरले. मराठी मुलखातील शाळांत शिकविले जाणारे इंग्रजी ब्रिटिश वळणाचे होते. 'वॉटर'मधला टकार त्यात ठणठणीत असे. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधील हा टकार जिभेच्या नुसत्या फटकाऱ्याने उच्चारतो आणि तो 'ड' व 'र' यांच्या मधला काहीतरी ऐकू येतो. नेमका हाच फटकारा 'घोडा'चा 'घोरा' करणाऱ्या बोलीत आहे. मॅट्रिकपर्यंत ब्रिटिश वळणाचे इंग्रजी घोकलेल्याला जो उच्चार चमत्कारिक वाटावा, तो उच्चारणारी जिभेची हालचाल किनाऱ्यावरच्या निरक्षर तांडेलास जन्मतः अवगत होती. आणि अमेरिकनाला कोणी त्याचे इंग्रजी अशुद्ध आहे असे म्हटले नाही. ते 'अमेरिकन इंग्रजी' ठरले.

मांगेल्यांच्या बोलीला मात्र असे स्वतंत्र नाव लाभूनही मान लाभण्यास वेळ लागला. १९६३ पासून अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीची मालिका निघू लागली आणि तीत ठाण्याच्या वारलीस स्वतंत्र पुस्तक मिळाले. पुढे बोईसर-तारापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत वाढली, देशाच्या नाना भागांतून कामगार आले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हिंदीतही पाण्याला 'पानी'च म्हणतात. नवापूरच्या कोळणीने बोईसरच्या बाजारात हा शब्द उच्चारला, तर ती आपली बोली बोलते आहे की गिऱ्हाइकाची हिंदी, हे आता ऐकणाऱ्यास सांगता येत नाही.