फ्लॉरेन्स नगरी आणि तिची शेवटची लेक



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. स्वयंपाकघर आणि मुलांचे अभ्यास यांतून वेळ मिळेल तसे वाचनालयातील पुस्तक वाचावे, एवढाच माझा व्यासंग. परंतु मी पडले कोल्हापूरची माहेरवाशीण, आणि कोल्हापूरच्या एका राजाची छत्री इटली देशातील फ्लॉरेन्स शहरात आहे, असे वाचल्यापासून त्या शहराने मला वेड लावले आहे. तिकडे जाण्याचा योग माझ्या नशिबी नाही. पण जे वाचले, ते आपणांपुढे ठेवते.

कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले. परत येताना वाटेत फ्लॉरेन्स येथे त्यांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे! त्या काळी त्या मुलखात शव दहन करण्याची चाल नव्हती. तरीही तेथील अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि शहराबाहेर आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना आपल्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ साली त्याच जागी छत्री उभारली गेली. कशिने नावाच्या मोठ्या उद्यानाच्या टोकाला ती आजही उभी आहे आणि तिच्याखाली महाराजांचा फेटा व दागिने घातलेला अर्धपुतळा आहे. जवळच नदीवर पुढे जो पूल झाला, त्याला तेथील लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. परक्या देशातील एका तरुण राजाची आठवण जे शहर दीडशे वर्षे सांभाळते, ते आपल्या स्वतःच्या ठेव्याला किती जपत असेल, असे माझ्या मनात आले आणि मी पुढे वाचत गेले.

फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांत प्रथम भरतो तो तेथील मोठ्या चर्चचा तांबूस घुमट. ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिराने तो १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत बांधला. हा मूळचा सोनार! घुमटाची रुंदी सुमारे ४५ मीटर. एवढ्या रुंदीला जमिनीपासून लाकडी आधार देणे अशक्य, म्हणून त्याने विटा अशा तिरक्या गुंफणीने रचल्या की, प्रत्येक थर आपला आपण तोलला जावा. चाळीस लाखांहून अधिक विटा त्याला लागल्या. ४६३ पायऱ्या चढून प्रवासी वर जातात आणि सारे शहर पाहतात.

मायकेलअँजेलोचा डेव्हिडही असाच अजब. दुसऱ्या शिल्पकारांनी अर्धवट टाकून दिलेला संगमरवराचा एक प्रचंड दगड कित्येक वर्षे पडून होता. सव्वीस वर्षांच्या या तरुणाने १५०१ मध्ये तो हाती घेतला आणि १५०४ पर्यंत त्यातून सुमारे सतरा फुटी पुतळा घडवला. टाकलेल्या दगडाचेही सोने होते, ते असे!

परंतु मला विचाराल तर तेथे गेल्यावर मी प्रथम पाहीन ते अनाथ बालकांचे घर. घुमट बांधणाऱ्या त्याच ब्रुनेलेस्कीने १४१९ साली या इमारतीचे काम सुरू केले. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तेथे पहिले मूल आले. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवले. दर्शनी कमानींच्या वर निळ्या गोल चौकटींत भाजलेल्या मातीची, बाळोत्यात गुंडाळलेली बाळे बसवली आहेत. ती पाहून कोणाही बाईला पान्हा फुटेल. मूल सोडून जाताना एखादी आई पदकाचे किंवा नाण्याचे दोन तुकडे करी, एक बाळाच्या अंगावर बांधी आणि दुसरा आपल्याजवळ ठेवी. दिवस पालटले तर खूण पटवून मूल परत न्यावे, ही आशा! त्यांतले कितीतरी अर्धे तुकडे आज तेथील संग्रहालयात मांडलेले आहेत. त्यांचे दुसरे अर्धे कधी आलेच नाहीत. भगिनींनो, राजेरजवाड्यांच्या मुकुटांपेक्षा मला हे तुकडे मोलाचे वाटतात.

आता ज्या स्त्रीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे वळते. या शहरावर मेदिची नावाच्या घराण्याची सत्ता होती. मूळचे सावकार, पुढे राजे झाले. तीनशे वर्षे त्यांनी चित्रे, पुतळे, जडजवाहीर आणि पुस्तके जमवली. या घराण्याची शेवटची लेक आन्ना मारिया लुईसा. तिचा जन्म १६६७ चा. लग्न होऊन जर्मनीतील एका संस्थानिकाच्या घरी गेली. मूलबाळ झाले नाही. १७१६ मध्ये वैधव्य आले आणि पुढल्या वर्षी ती माहेरी परतली. १७३७ मध्ये भाऊही निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेन नावाच्या परक्या घराण्याकडे गेले. आपल्याकडे अशा बाईला लोक काय म्हणाले असते, ते मी सांगायला नको.

पण ही बाई रडत बसली नाही. राज्य तर हातचे गेले होते. परंतु घरातील वस्तूंवर तिचा हक्क होता. तिने त्याच वर्षी नव्या राजाशी लेखी करार केला. घराण्याचा सारा संग्रह मी राज्याला देते. पण यातली एकही वस्तू या राजधानीतून व राज्यातून बाहेर जाता कामा नये. कारणेही तिने लिहून ठेवली. राज्याला शोभा यावी, लोकांना उपयोग व्हावा आणि परदेशच्या पाहुण्यांना येथे यावेसे वाटावे! १७४३ साली ती वारली. तिच्या काकांचे, आज्यांचे ते धन १७६९ पासून उफित्सी या इमारतीत सामान्य लोकांसाठी खुले झाले. मुळात ही इमारत सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेली. आज जगभरचे प्रवासी तेथे रांगा लावतात, ते या निपुत्रिक लेकीच्या एका कागदामुळे.

तो ठेवा पुढेही जिवापाड जपावा लागला. दुसऱ्या महायुद्धात उफित्सीतील चित्रे खेड्यापाड्यांतील वाड्यांत लपवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आपली आठवी हिंदी डिव्हिजन त्या भागात लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणही होती. त्या ऑगस्टमध्ये माघार घेताना जर्मनांनी फ्लॉरेन्सचे सारे पूल उडवले. वाचला तो एकटा १३४५ सालचा जुना पूल, ज्यावर आजही सोनारांची दुकाने आहेत. नंतर ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला. तेव्हा देशोदेशींची तरुण मुले धावली आणि चिखलातून एकेक पुस्तक काढून त्यांनी धुतले, वाळवले.

हे वाचले आणि मला माझीच लाज वाटली. आमच्या सासूबाईंना शेकड्यांनी जात्यावरच्या ओव्या येत. त्यांनी त्या नणंदेकडून एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. घर बदलताना मी ती वही रद्दीबरोबर घालून टाकली. शेवटच्या आजारात त्या एकदा म्हणाल्या, “सूनबाई, माझी वही आण गं, जरा वाचून दाखव.” मी “शोधते हं” म्हटले आणि पदराआड डोळे पुसले. ती वही आता कोठून आणू?

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी आजीची एखादी वही, रुखवताचा नमुना, हाताने भरलेला रुमाल, जुना फोटो असेलच. ज्यांना घरी जागा नाही त्यांनी तो मंडळाच्या कपाटात आणून द्यावा. वस्तू कोणाची, कधीची, ते कागदावर लिहावे, आणि खाली आन्ना मारियासारखी एक ओळ घालावी : ही वस्तू या गावाबाहेर जाऊ नये.

घुमट बांधणे आपल्या हाती नाही. पण कागदावर एक ओळ लिहिणे सातवी शिकलेल्या बाईलाही जमते. कपाटातली पहिली वस्तू मीच देणार आहे. सासूबाईंच्या ज्या अकरा ओव्या मला अजून आठवतात, त्या मी नव्या वहीत लिहून काढल्या आहेत.