वाढणं

‘आत्याआजी, मला जेवण दे’ असं म्हटलं की ती हातातली पळी तशीच धरून उभी राहायची. “दे काय? उसने पैसे देतात, औषध देतात. अन्न वाढतात. पान वाढ म्हण.” म्हटलं की मग पानात आधी मीठ पडायचं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. पुण्यात माधुकरी मागणारी मुलंसुद्धा दारात उभी राहून ‘वाढा’ म्हणायची, ‘द्या’ नाही, हा तिचा शेवटचा पुरावा.

आमचं घर तेव्हा कर्वेनगरात शेताच्या कडेला होतं. जुनी माणसं अजून हिंगणंच म्हणायची. आत्याआजी माझ्या आजोबांची थोरली बहीण. गाव दापोलीकडचं. बाराव्या वर्षी विधवा झाली, चौदाव्या वर्षी, १९१९ साली, इथल्या आश्रमात आली.

“बांगड्या फोडल्या असं म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात,” ती अगदी सहज सांगायची. “नारळही वाढवतात. मोडायचं त्याला वाढवायचं म्हणायची रीतच आहे आपली. माझ्या बांगड्या वाढवल्या नि माझं वाढणं थांबवलं.” सासरी पहाटेपासून सोवळ्यात सगळ्या घराचा स्वयंपाक तिनं करायचा. पंगत बसली की वाढायला सवाष्णी पुढे, ही आत चुलीशी. सगळ्यांचं आटोपल्यावर एकवेळचं जेवण. रात्री पाण्याचा तांब्या.

हिंगण्याच्या माळाची गोष्ट मात्र ती रंगवून सांगे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावानं, मुरूडकरांनी, त्यांना वाळीत टाकलं. आमच्या घरात तो किस्सा पंगतीच्याच भाषेत सांगितला जाई : कर्व्यांच्या पानाशेजारी कोणी पान मांडायचं नाही. माणूस तोडायचा तर आधी त्याची पंगत तोडायची. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, तो शहरापासून चारेक मैलांवर हिंगण्याला एका झोपडीत आला. जागा सहा एकर, रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेली, वर साडेसातशे रुपये. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, चिखल तुडवत इकडे यायचे. “येताना हातात भाजीची पिशवी असायची,” हे आत्याआजीनं तिच्या आधीच्या बायकांकडून ऐकलेलं.

आश्रमात पहिल्या रात्री कोणीतरी विचारलं, “भाकरी वाढू?” ही सवयीनं म्हणाली, “मी रात्री जेवत नाही.” आठ दिवस तेच चाललं. नवव्या रात्री शेजारच्या मुलीनं आपली भाकरी मोडली, अर्धी हिच्या पानात टाकली आणि काही न बोलता जेवायला लागली. पुढचं आजोबा सांगायचे. सहा महिन्यांनी ते वडिलांबरोबर भेटायला आले, तर ओसरीवर एक उंच मुलगी उभी. चोळीच्या बाह्या दंडाला काचत होत्या. आजोबा ओरडले, “ताई, तू वाढलीस!” हे सांगताना ते हसायचे आणि आत्याआजी उठून आत जायची.

त्या पंगतीलाही कड होतीच. सुरुवातीच्या काळात आश्रमात मुख्यतः ब्राह्मण मुलींनाच प्रवेश होता. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आत्याआजीनंच मला शिकवला : एकाच ओळीत बसलेल्यांना वेगवेगळं वाढणं. मी विचारलं, “आणि ज्यांना ओळीतच बसू दिलं नाही?” ती म्हणाली, “त्याला शब्दसुद्धा ठेवला नाही आपण.” अण्णांनी समता संघ काढला तो १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीच्या घरात. तिच्या मते उशीर झाला होता, पण अण्णांना ते कळत होतं.

शेजारच्या शेताचे मालक तात्या मूळ हिंगण्याचे. त्यांच्याकडे आमटीचं कालवण व्हायचं, पोळीची चपाती, आणि ‘जेवलास का’च्या जागी ‘भाकर खाल्ली का’. जोंधळा पोटरीत आला की ते कणसाआधी फुगलेलं ताट हलकेच दाबून म्हणायचे, “पोटुशी हाय.” पुढे दाणा भरला की “पोसलं बघ.” आता शाळेच्या फळ्यावर ‘पोषण आहार’ वाचतो, तेव्हा त्या सरकारी शब्दाच्या पोटात मला तात्यांचं पोसलेलं कणीस दिसतं.

त्या शेतावर आता सहा मजली इमारत आहे. तळाशी मेस, वर कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुली. लातूरच्या, बीडच्या, जळगावच्या, इथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या. भिंतीवर पाटी : ‘चपाती तीनच. वाढवून मागू नये.’

परवा डबा घ्यायला गेलो, तर एक किडकिडीत मुलगी रिकामं ताट घेऊन काउंटरशी घुटमळत होती. पाटी तिनं वाचलेली दिसत होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि तव्यावरची चौथी तिच्या ताटात टाकली.

“खा गं. वाढीचं वय आहे.”