चित्राचा खुंटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संगणकावर मजकूर टाइप करताना मधे एखादा फोटो घातला, त्याला मजकुरापासून मोकळा केला आणि त्याच्यावर टिचकी मारली, की पानाच्या कडेला जहाजाच्या नांगराचे एक बारीक चिन्ह दिसते. हिंगोलीकडच्या माणसाला हे चिन्ह लगेच उमगत नाही. आपला नांगर जमिनीत चालतो. समुद्र इथून फार लांब, आणि आपल्या कयाधूत काही जहाजे येत नाहीत. म्हणून मी त्याला खुंटा म्हणतो. खुंट्याला दावे, दाव्याला जनावर. जनावर दाव्याच्या लांबीएवढे फिरते, चरते, पण कोणाच्या दारचे आहे ते खुंट्यावरून कळते. कागदपत्रातल्या चित्राचेही तसेच आहे. ते पानावर कुठे दिसते हा एक प्रश्न, आणि ते कोणत्या शब्दांना बांधलेले आहे हा दुसरा. दोन्ही प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुने आहेत. आज त्यांचाच थोडा इतिहास पाहू.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी हस्तलिखित आहे. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे त्याचे नाव, आफताबी नावाच्या कवीचे ते काव्य. अहमदनगरचा हुसेन निजामशहा आणि १५६५ सालची तालिकोटची लढाई हा त्याचा विषय. त्यातली बारा चित्रे आज शिल्लक आहेत आणि दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. अशा पोथ्यांची रीत ठरलेली असे. आधी लेखनिक मजकूर उतरवी आणि चित्रासाठी चौकट कोरी सोडून पुढे जाई. चित्रकार मागाहून येऊन ती भरी. म्हणजे चित्र कोणत्या ओळीखाली यायचे, हे चित्रकाराच्या आधी लेखनिकाने ठरवलेले असे.

या पोथीत सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायूँ बसलेली दाखवली होती. पुढे कोणीतरी तिची आकृती बहुतेक चित्रांतून पुसून टाकली. हुसेनच्या मृत्यूनंतर मुलाच्या नावाने राज्य चालवणारी ही बेगम सत्तेवरून गेली, त्या सुमारास हे झाले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पण आकृती पुसली तरी जागा पुसता आली नाही. सुलतानाशेजारचा तो डाग आणि काव्यातले बेगमेचे वर्णन, दोन्ही एकाच पोथीत आहेत. म्हणून तिथे कोण बसले होते ते आजही सांगता येते. चित्र शब्दांना बांधलेले असण्याचा हा केवढा उपयोग! चित्र गेले तरी साक्ष राहिली.

छपाई आली तेव्हा हे बांधणे दोन वाटांनी गेले. एक वाट शिळाछापाची. बव्हेरियातल्या आलोईस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास दगडावरून छापायची युक्ती शोधली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःची शाई आणि दगड सिद्ध करून १८३१ साली मराठी पंचांग छापले. शिळाछापात अक्षर आणि चित्र एकाच दगडावर उतरत. मुखपृष्ठावरचा गणपती आणि खालचा मजकूर यांच्यात भांडण व्हायचे कारणच नव्हते. दगड एक, शाई एक.

उर्दूने ही वाट फार उशिरापर्यंत धरून ठेवली. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसतात, म्हणून खिळ्यांत ती नीट मावत नाही. त्यामुळे कातिब हाताने लिहीत आणि चित्राची जागा कोरी सोडत. १९२७ साली सुरू झालेले चेन्नईचे ‘मुसलमान’ हे दैनिक एकविसाव्या शतकात शिरल्यावरही कातिबांच्या हातचे निघत होते. उशिरा येणाऱ्या बातमीसाठी पहिल्या पानावरचा एक कोपरा ते मोकळा ठेवत. जागा आधी, मजकूर नंतर. आपला हिंगोली भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही कारभाराची भाषा होती. कातिब हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांना म्हणूनच परका नव्हता.

दुसरी वाट खिळ्यांची. सेरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले, त्यात देवनागरीचे खिळे वापरले होते. पुढे जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. सुबक मराठी अक्षर कसे असावे, हे त्यांनी घालून दिले. पण या वाटेत चित्र आणि अक्षर पहिल्यांदा वेगळे झाले. अक्षर शिशाचे आणि चित्र लाकडावर कोरलेले. पुढे जस्ताच्या पत्र्यावर उतरवलेला ब्लॉक आला, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला असे. त्याची उंची खिळ्याएवढीच लागे, इंग्रजी मापाने ०.९१८ इंच. केसभर कमी असला तर चित्र उठत नसे, केसभर जास्त असला तर कागद फाटे.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा पडली. तेव्हापासून मराठी घराघरांत चित्रांसह साहित्य जाऊ लागले. त्या प्रत्येक चित्राभोवती जुळाऱ्याने आखूड ओळी हाताने जुळवल्या आहेत, हे आपण वाचताना विसरतो. ब्लॉकच्या बाजूला किती अक्षरे बसतील, शब्द कुठे तुटेल, हे तो डोळ्यांनी मोजी. मग सगळा फर्मा लोखंडी चौकटीत पाचर मारून आवळत. एखादी ओळ नंतर वाढली तर खालच्या सगळ्या ओळी हाताने सरकवाव्या लागत. हे काम किचकट होते, पण त्यात एक गोष्ट होती. ब्लॉक जागचा हलला तर हलवणाऱ्या माणसाला तो हातात घ्यावाच लागे. कोणाचा फोटो कोणाच्या नावावर चालला आहे, हे त्याला दिसे.

ऑफसेट आल्यावर कात्री आणि डिंक आले. मजकुराच्या पट्ट्या कापून, फोटो कापून कागदावर चिकटवत. संगणकावर आपण आज ‘कट’ आणि ‘पेस्ट’ म्हणतो, ते या टेबलावरचे शब्द. १९८५ साली अमेरिकेत पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस कंपनीने पेजमेकर आणला, तो म्हणजे हेच टेबल पडद्यावर मांडलेले. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, मॉड्युलरची श्रीलिपी यांच्या जोडीने पेजमेकर तालुक्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचला. लग्नपत्रिका, स्मरणिका, पंचायतीचे अहवाल त्यावर होऊ लागले. पेजमेकरमध्ये मोकळे ठेवलेले चित्र ठेवले तिथेच राही. मजकूर वाढला तर मजकूर सरके.

वर्डसारख्या मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलीचा विचार मात्र वेगळा आहे. तिथे पान हे मूळ नव्हे, मजकूर मूळ. मजकूर म्हणजे वाहता ओढा. कागदाचा आकार, अक्षराचा आकार बदलला की पाने आपोआप नवी पडतात. मग या ओढ्यात चित्र कसे उभे करायचे? त्याची दोन उत्तरे निघाली.

पहिले उत्तर असे, की चित्राला एक मोठे अक्षर समजा. ‘क’ नंतर ‘ख’ यावा तसे ते ओळीत बसते आणि ओळीबरोबर चालते. याला ओळीतले चित्र म्हणतात. दिसायला साधे, पण विश्वासू. दुसरे उत्तर म्हणजे तरंगते चित्र. मजकूर त्याच्या कडेने वाहतो, त्याच्या वर-खाली थांबतो, किंवा चित्र मजकुराच्या मागे-पुढे जाऊन बसते. पण तरंगणाऱ्याला खुंटा हवा. म्हणून त्याला एखाद्या परिच्छेदाशी बांधतात आणि तिथे ते नांगराचे चिन्ह उमटते.

आता या खुंट्याचे नियम ऐका. ते ठाऊक नसल्यामुळेच बरेच घोटाळे होतात. वर्डमध्ये चित्र पानावर कुठेही ठेवा, ते ज्या पानावर त्याचा परिच्छेद आहे त्याच पानावर राहते. ‘मजकुराबरोबर हलव’ असे सांगितले तर परिच्छेदाबरोबर वरखाली होते. ‘पानावर स्थिर ठेव’ असे सांगितले तर पानावरची जागा सोडत नाही, पण परिच्छेद पुढच्या पानावर गेला की तेही पुढच्या पानावर त्याच जागी जाऊन बसते. ‘स्थिर’ म्हणजे कायमचे स्थिर, असा समज इथे फसतो. चित्र हाताने ओढले की खुंटाही गुपचूप जवळच्या दुसऱ्या परिच्छेदात जातो. तो जाऊ नये म्हणून त्याला कुलूप लावायची सोय आहे. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक. ज्या परिच्छेदात खुंटा आहे तो पुसला, तर चित्रही पुसले जाते. गोठ्यातला खुंटा उपटला तर जनावर मोकळे होते, इथे जनावरच नाहीसे होते. लिब्रेऑफिस या मोफत आज्ञावलीत चित्र पानाला, परिच्छेदाला, अक्षराला बांधता येते किंवा अक्षरासारखेच ओळीत बसवता येते. चारही वाटा तिथे नावानिशी मांडल्या आहेत.

आपल्या जिल्ह्यात औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नरसीच्या या संताची ती आठवण सर्व धर्मांची माणसे सांगतात. मला त्यात आजच्या विषयाचे सार दिसते. जिथे शब्द गेले तिथे देऊळ गेले. चित्रानेही तसेच करावे. शब्द मागच्या पानावर आणि चित्र पुढच्या पानावर, हे बरे नव्हे.

हे केवळ सौंदर्याचे प्रकरण आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेची स्मरणिका माझ्या हाती आली. शेवटच्या दिवशी आरंभीच्या पानावर कोणाच्या तरी शुभेच्छांच्या चार ओळी वाढल्या होत्या. मजकूर पुढे ढकलला गेला, काही फोटो मजकुराबरोबर गेले आणि काही पानाला बांधलेले होते ते मागेच राहिले. निवृत्त होऊन सुखाने घरी बसलेल्या एका गुरुजींचा फोटो ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली छापून आला. लोक हसले. पण जे गुरुजी खरोखर गेले होते, त्यांच्या पत्नीने अंक उघडला तेव्हा नवऱ्याच्या नावावर दुसऱ्याचा चेहरा होता. त्या घरात त्यांचा छापील असा तेवढाच उल्लेख. तिला हसू आले नाही.

कवितेवरही हाच प्रसंग येतो. ओळ कुठे तोडायची, हे कवी ठरवतो. पण कवितेशेजारी चित्र तरंगत ठेवले आणि मजकूर त्याच्या कडेने वाहू दिला, की ओळ चित्राची कड तोडते. गझलेचा एक मिसरा दोन ओळींत फुटतो आणि रदीफ एकटी खाली लोंबते. वाचणाऱ्याला वाटते, कवीला वृत्त जमत नाही.

याहून मोठा प्रश्न पुढे उभा आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या जुन्या फाँटांत साठवला गेला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच आहे, पण आपल्या छापखान्यांत ते रुळायला फार वर्षे गेली. आता जुन्या फायली युनिकोडमध्ये आणल्या की अक्षरांची रुंदी बदलते, ओळींची उंची बदलते, पाने नवी पडतात. खुंटा ठीक नसलेले प्रत्येक चित्र अशा वेळी भलत्याच दारात जाऊन उभे राहते. आणि नुसताच मजकूर उचलून नव्या फाइलीत आणला, तर चित्रे खुंट्यासकट मागेच राहतात. गावोगावच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, मुक्तिसंग्रामात लढलेल्यांच्या आठवणी हे मराठवाड्याचे खरे दफ्तर आहे. त्यातल्या माणसांना ओळखणारे आज थोडे उरले आहेत. उद्या फोटो आणि नाव यांची ताटातूट झाली, तर ती जुळवून देणारा कोणी नसेल.

म्हणून टाइप करणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. ज्या फोटोखाली नाव आहे, तो तरंगता ठेवू नका. एक उभा रकाना आणि दोन आडव्या ओळींचा छोटा तक्ता करा. वरच्या घरात फोटो ओळीतल्या अक्षरासारखा बसवा, खालच्या घरात नाव, गाव आणि साल लिहा. तक्त्याच्या रेघा हव्या तर लपवा. वरची ओळ खालच्या ओळीला जोडून ठेवायची खूण करा, म्हणजे पान बदलतानाही दोन्ही सोबत जातील. वेलबुट्टी, नक्षी, किनार यांना हवे तसे तरंगू द्या, त्यांना नाव नसते. आणि छपाईला देण्याआधी पडद्यावर नुसते अक्षर तपासू नका, प्रत्येक चेहऱ्याखालचे नाव बोट ठेवून वाचा. जुना जुळारी ब्लॉक हातात घेऊन हेच करी.