बर्फाबाहेरील प्रशिक्षण (फिगर स्केटिंग)

फिगर स्केटिंगच्या खेळाडूंनी बर्फावर न उतरता साध्या जमिनीवर करावयाच्या सरावास बर्फाबाहेरील प्रशिक्षण असे म्हणतात. उड्यांची तालीम, बळ व लवचीकता वाढविणारे व्यायाम, दोरीवरच्या उड्या, बॅले आणि स्पर्धेपूर्वी अंग तापविणे या सर्वांचा त्यात समावेश होतो.

पार्श्वभूमी

१९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याची परीक्षा असे. खेळाचे नावही त्यावरूनच पडले. ती बंद झाल्यावर उड्यांचे महत्त्व फार वाढले. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिन याने लेक प्लॅसिड येथे चौपट अ‍ॅक्सेल ही साडेचार गिरक्यांची उडी स्पर्धेत प्रथमच यशस्वी केली. अशा उडीत खेळाडू पुरता एक सेकंदही हवेत नसतो. एवढ्या अवधीत विचार करून हालचाल करणे अशक्यच. ती अंगवळणी पडलेली असावी लागते.

उड्यांचा सराव

घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा खेळाडू डावा घोटा उजव्यावर आणतो, हात छातीशी आवळतो आणि उजव्या पायावर पाठमोरा उतरतो. हात आवळताच गिरकीचा वेग वाढतो. ही ठेवण आधी जमिनीवर, एकेका गिरकीने पक्की केली जाते. गिरक्यांसाठी लहानशी फिरती फळीही वापरतात. मात्र तिचा उपयोग मर्यादितच मानावा. बर्फावर गिरकी पात्याच्या पुढील वक्र भागावर, भोवऱ्याच्या आरीवर तोलावी तशी तोलली जाते. फळीचा तळ तसा नसतो.

नृत्यशिक्षणाचा लाभ अधिक निर्विवाद आहे. २०२२ चा ऑलिंपिक विजेता नेथन चेन याने लहानपणी सॉल्ट लेक सिटीत बॅले व जिम्नॅस्टिक्स या दोहोंचे शिक्षण घेतले होते.

दुखापती

बर्फावर उतरलेला खेळाडू मागे घसरत जातो, त्यामुळे उडीचा वेग हळूहळू ओसरतो. जमिनीवर पाय जागीच रुततो आणि उरलेली गिरकी गुडघा व घोटा यांना सोसावी लागते. म्हणून सिमेंटच्या फरशीवर सराव न करता लवचीक लाकडी जमीन निवडणे आणि उड्या मोजून मारणे इष्ट ठरते. हाडे अद्याप वाढत असलेल्या मुलामुलींत अतिसरावाने पाऊल, नडगी व कंबरेच्या मणक्यांना सूक्ष्म तडे जाऊ शकतात. जमिनीवरील उड्याही या एकूण हिशेबात धरावयास हव्यात. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये खेळाडूंच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचे कारण देऊन ज्येष्ठ गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ करण्याचा निर्णय घेतला.